शुभेच्छुकांच्या रांगेतला फौजी

जळगावच्या पिंप्राळ्यात माझ्या आवाजाची कीर्ती अशी आहे, की मी गच्चीवरून दूधवाल्याला हाक मारली तर भुसावळ जंक्शनला उभी असलेली मालगाडी शिटी झाली समजून चालू लागते. असं लोक म्हणतात. लोकांना हे पहिल्यांदा मीच सांगितलं, पण आता सगळेच म्हणतात म्हटल्यावर ते खरं धरायला हरकत नाही. धुळ्याला माहेरी आमच्या गल्लीत मी लहानपणी रडले, की चार गल्ल्या पलीकडच्या बायका पदर खोचून निघायच्या, कोण गेलं ते बघायला.

अशा बाईला देवाने नवरा दिला फौजी. म्हणजे असा माणूस, ज्याचं तोंड सरकारने भरतीच्याच दिवशी बूट-मोज्यांच्या बदल्यात जमा करून घेतलेलं.

मला बघायला आले तेव्हा ह्यांनी पोहे संपवले, चहा संपवला आणि पूर्ण बैठकीत एक वाक्य बोलले : "मला फार बोलता येत नाही." आमचे आबा खूश. आत येऊन आईला म्हणाले, "जोड जमली. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं." आबांना काय ठाऊक, की ऐकणारा वर्षातून दोनदा सुटीवर येणार आणि बाकीचे महिने मला भिंतींशी बोलावं लागणार!

लग्नानंतर ह्यांनी मला पहिला धडा दिला तो स्वयंपाकाचा नाही, मोबाईलचा. मी कुठे आहे ते सांगायचं नाही. कधी येणार, कधी निघणार, कुठल्या गाडीने, ते सांगायचं नाही. वर्दीतला फोटो कुठेही टाकायचा नाही. राजकारणावर काही लिहायचं नाही, कुणी लिहिलेलं पुढे ढकलायचंही नाही. कुठल्या सरकारी खात्याबद्दल तक्रार असली तरी जाहीर बोलायचं नाही. मी विचारलं, "ही बंदी तुम्हाला की मला?" म्हणाले, "मला." आणि वर म्हणाले, "पण घर एकच ना."

म्हणून इतर बायकांच्या डीपीत नवरे असतात, माझ्या डीपीत तुळस आहे.

मी काही आडमुठी बाई नाही. ह्यांनी मला एकदा कुणाचा तरी फोटो दाखवला होता. एक जवान हसत उभा, मागे खांब, खांबामागे डोंगर. म्हणाले, "या डोंगराच्या रेषेवरून जागा शोधून काढतात." ते मला पटलं. शत्रूला आपल्या हाताने पत्ता देऊ नये एवढी अक्कल धुळ्याच्या पाण्यातही आहे. पण शेजारणी शत्रूपेक्षा चिवट असतात. त्या रोज विचारणार : "भाऊ सध्या कुठे हो?" खरं सांगायचं नाही आणि गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, मग उरलं काय? मी थापा मारायला शिकले. एका महिन्यात ह्यांना वाळवंटात उंटांना कवायत शिकवायला धाडलं. पुढच्या महिन्यात पाणबुडीत बसवलं. पायदळातला माणूस पाणबुडीत कसा, हे विचारायचं एकीलाही सुचलं नाही. एकदा तर मी सांगितलं, की ते इतक्या उंचावर आहेत की तिथे चहाचं पातेलं चुलीवर ठेवलं तर वरून चंद्राचा धक्का लागतो. शेजारीण म्हणाली, "अगं बाई! मग चंद्र जवळ आला की मान खाली घेत असतील." मी तरी अशी देशसेवा केली. हल्लीच्या भाषेत, मी शत्रूची दिशाभूल केली, आणि त्याबद्दल मला अजून एकही पदक मिळालेलं नाही.

पण एक गोष्ट मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही.

एका सुटीत आमच्या गल्लीतली गटार तुंबली. पाणी उंबऱ्याला लागलं. वॉर्डाच्या ग्रुपवर अख्खी गल्ली तुटून पडली. ज्यांच्या घरापासून गटार कोसभर लांब, त्यांनीसुद्धा नाक दाबलेल्या माणसाचं चित्र टाकलं. ह्यांनी मोबाईल हातात घेतला, अंगठ्याने काहीतरी लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग मोबाईल फळीवर ठेवला, फावडं घेतलं आणि भर दुपारी गुडघाभर घाणीत उतरून गटार मोकळी केली. वरून एक शेजारी म्हणतो कसा, "फौजी असून बोलत नाही भाऊ तुम्ही! तुम्ही एक ओळ लिहिली असती तर महापालिका पळत आली असती."

आणि त्याच शेजाऱ्याचा रोज सकाळचा संदेश काय? "जवान सीमेवर जागा आहे म्हणून तुम्ही निवांत झोपला आहात." रेशनच्या रांगेत कुणी कुरकुरलं, की जवान. बँकेत सर्व्हर बंद, की जवान उभा राहतो मग तुम्हाला काय झालं? या देशात ज्याच्या नावाने सगळ्यात जास्त बोललं जातं, त्यालाच बोलायची बंदी. ज्याला कुणाला आपलं खोटं खपवायचं असेल त्याने जवानाच्या खांद्यावर हात ठेवावा, कारण हा एकच खांदा असा आहे की जो झटकत नाही.

हे सगळं मला नुसतं वाटत होतं. मग महापालिकेची निवडणूक आली, आणि ते माझ्या डोळ्यांपुढे, किराणा दुकानाच्या वर, अंगणवाडीएवढ्या आकारात टांगलं गेलं.

आमच्याकडे बॅनर हा एक संस्कार आहे. बारशापासून दहाव्यापर्यंत सोळा सांगितलेत, हा सतरावा. वाढदिवस, नवी बुलेट, पोरगा दहावीत काठावर पास, कशालाही बॅनर. वर मोठे नेते, मध्ये उत्सवमूर्ती, आणि खाली शुभेच्छुकांची रांग : गॉगलवाले, मोबाईल कानाला लावलेले, हात जोडलेले. या रांगेत आपलं मुंडकं यावं म्हणून माणसं काय करत नाहीत! रांगेत डावलल्यामुळे मोडलेली सोयरीक मी स्वतः पाहिली आहे. आणि फोटो लावण्याआधी कुणाला विचारायची पद्धत नाही. विचारायचं काय त्यात? हळदीकुंकू लावताना विचारतात का?

आमच्या वॉर्डातले उमेदवार म्हणजे नाना. मी लग्न होऊन इथे आल्यापासून ते भावी नगरसेवकच. माझे धाकटे दीर त्यांच्या मागे फिरायचे. रिक्षा चालवायची आणि रिकाम्या वेळात नानांच्या खुर्च्या उचलायच्या, असा त्यांचा दुहेरी धंदा.

एका सकाळी मी चौकातल्या किराणावाल्या शेठच्या दुकानात साबुदाणा आणायला गेले आणि मान वर केली. मध्ये नाना, हात जोडलेले. खाली शुभेच्छुकांची रांग. आणि त्या रांगेत, पानटपरीवाला आणि व्यायामशाळेतला पोरगा यांच्या मधोमध, इतरांपेक्षा दुप्पट मोठे, संपूर्ण वर्दीत, आमचे हे! मागे बर्फाचा डोंगर. खाली लाल अक्षरांत : "देशासाठी ते, वॉर्डासाठी नाना!"

साबुदाणा राहिला तिथेच.

तो फोटो मी ओळखला, कारण तो मीच काढला होता. सासूबाईंची इच्छा, की लेक वर्दीत एकदा डोळे भरून बघावा. म्हणून मागच्या सुटीत ह्यांनी घरातच, लोखंडी कपाटापुढे उभं राहून तो काढू दिला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर आम्ही घरातलीच माणसं. खाली ह्यांनी लिहिलं होतं, "कुठे टाकू नका." दिरांनी कपाट कापलं आणि त्या जागी हिमालय बसवला.

दिरांना मी रिक्षातून खाली ओढलं. खरंच ओढलं, यात अतिशयोक्ती नाही. म्हटलं, "काय केलंत हे भाऊजी?"

"वहिनी, आवाज हळू. लोक बघतात."

"लोकांनी बघावं म्हणूनच लावलंय ना?"

"अहो, रांगेत जागा मिळायला लोक नानांच्या पाया पडतात. मी दादाला पहिल्या झटक्यात बसवला, तेही सगळ्यात मोठा."

"त्यांना विचारलंत?"

भाऊजींनी रिक्षाचा आरसा पुसला. मग खाली बघत म्हणाले, "प्रत्येकाच्या भावाचं बॅनर लागतं, वहिनी. ज्याने आयुष्यात काही केलं नाही त्याचंही लागतं. आपल्या दादाचं कधी लागलंय? त्याचा वाढदिवस येतो नि जातो, एक स्टेटस ठेवता येत नाही. मला वाटलं, त्याला बरं वाटेल."

आता यावर चप्पल मारायची की डोळे पुसायचे, तुम्हीच सांगा.

तोवर बातमी धरणगावाकडे आमच्या खेड्यात पोचली होती. सासूबाई दुपारच्या एसटीने आल्या त्या घरी न येता थेट चौकात उतरल्या. कनवटीला मीठ-मिरच्या बांधून आणल्या होत्या. भर रस्त्यात उभ्या राहिल्या आणि बॅनरवरच्या लेकाची दृष्ट काढली. मीठ-मिरच्यांची मूठ उंच करून ओवाळली, बोटं कडाकडा मोडली. दोन रिक्षा, एक पाण्याचा टँकर आणि एक म्हैस थांबली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "मन्हा आंडोर शे तो! बठ्ठासमा मोठा शे!" माझा लेक आहे, सगळ्यांत मोठा आहे. त्या माउलीला कोण सांगणार, की हे मोठेपण त्याला महागात पडणार आहे?

पडलंच. नानांच्या पोरांनी बॅनरचा फोटो नानांच्या फेसबुक पानावर चढवला होता. तिथून तो नातेवाइकांत, तिथून गावोगाव, आणि फिरत फिरत ह्यांच्या पलटणीत. धुळ्याहून आत्याचा फोन आला, "जावईबापू उभे राहिले का गं निवडणुकीला?" मी फोन ठेवते न ठेवते तोच ह्यांचा आला.

आमचे हे फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "जेवलीस का?" सकाळी केला तरी तेच, संध्याकाळी केला तरी तेच. त्या दिवशी ते वाक्य आलंच नाही.

"फोटो कुणी दिला?" एवढंच विचारलं.

मी सांगितलं. एका दमात, दिरांसकट, कपाटासकट. ते ऐकत राहिले. मग थोडं थोडं बोलले. साहेबांनी बोलावलं होतं. वर्दीतला फोटो, तोही राजकीय बॅनरवर. लेखी खुलासा मागितलाय. हे नाईक आहेत. पुढची पायरी हवालदार, आणि त्या यादीत ह्यांचं नाव अगदी तोंडाशी आलेलं. हवालदार झाले तर नोकरी वाढते. पण कागदावर लाल शाईने शिक्षेची नोंद पडली, तर नाव मागे ढकललं जातं, आणि तेवढ्यात नाइकाची मुदत भरली की बिस्तरा बांधून घरी. इतकी वर्षं ज्या माणसाने कुणाच्या वाढदिवसाला केकचं चित्रसुद्धा टाकलं नाही, त्याची हवालदारकी शुभेच्छुकांच्या रांगेत अडकली होती.

"मग तुम्ही लिहा ना फेसबुकवर, की माझा फोटो मला न विचारता लावला!"

"तेच तर लिहिता येत नाही."

"का?"

"ते पण जाहीर बोलणंच झालं."

ऐकलंत? चोराने माझ्या घरात शिरावं, आणि मला "चोर चोर" ओरडायला वरून परवानगी आणावी लागावी! मी म्हटलं, "परवानगी मागा मग." म्हणाले, "मागितलीय. कागद वर गेलाय." कागद वर गेला म्हणजे काय, ते खानदेशात शेंबडं पोरही जाणतं. आपल्याकडे वर गेलेलं पाणी पाऊस होऊन परत येतं, कागद येत नाही.

मी पदर खोचला आणि नानांच्या प्रचार कार्यालयात गेले. मंडपात नाना शेवभाजी खात बसलेले, आजूबाजूला पोरं.

"या वहिनी, या! भाऊंचा सन्मान कसा वाटला?"

"सन्मान उतरवा," मी म्हटलं. "आणि न विचारता फोटो लावला असं चार ओळींत लिहून द्या. त्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे."

नानांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला. "लिहून कसं देणार, वहिनी? आचारसंहिता आहे. जवानाचा फोटो प्रचारात वापरला असं मीच लिहून दिलं तर माझा अर्ज धोक्यात. त्यापेक्षा असं करू. भाऊंनाच सांगा, मोबाईलवर एक लहानसा व्हिडिओ पाठवा, की मी प्रेमाने फोटो दिला. मिटलं!"

"तसा व्हिडिओ केला तर त्यांना घरी पाठवतील."

"छे! जवानाला कोण घरी पाठवतं? आम्ही आहोत ना जवानांच्या पाठीशी."

मागे पोरं फिसकन हसली. एक म्हणाला, "वहिनी, पण मागच्या महिन्यात तर भाऊ पाणबुडीत होते ना? तिथे रेंज येते का?"

दुसरा म्हणाला, "पाणबुडीतून उतरून उंटावर बसले असतील, नाना."

अख्खा मंडप हसला. ज्या थापा मी ह्यांच्या भल्यासाठी वर्षानुवर्षं पिकवल्या, त्यांचं पीक ऐन वेळी माझ्याच दारात येऊन पडलं. मी खरं बोलत होते आणि ते लोक पुढची गंमत ऐकायला खुर्च्या सरकवत होते. नानांनी हात धुतले आणि म्हणाले, "मतदान होऊ द्या. बॅनर काय, आपोआप उतरतं."

मतदानापर्यंत ह्यांच्या खुलाशाची मुदत थांबणार नव्हती.

तिथून मी तक्रार घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. टेबलामागच्या माणसाने शांतपणे ऐकलं, पान उलटलं, म्हणाला, "फोटो कुणाचा आहे?"

"नवऱ्याचा."

"मग फोटोतल्या माणसाने स्वतः येऊन तक्रार करावी."

"ते सीमेवर आहेत."

"मग ऑनलाइन करावी."

"ते बोलू शकत नाहीत."

त्याने चष्मा काढला, माझ्याकडे अतिशय दयेने बघितलं आणि विचारलं, "जन्मापासून?"

मी त्याला काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की कचेरीतला पंखा थांबला. वीज गेली होती असं नंतर काही लोक म्हणाले. म्हणोत बापडे.

घरी आले आणि थेट स्वयंपाकघरातून विळा उचलला. केळीचे घड उतरवायला सासूबाईंनी खेड्याहून आणून दिलेला, चंद्रासारखा वाकडा, धारदार. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. विचारलं, "इळा काय करस वं?"

"बॅनर कापते. ह्यांचा फोटो काढून घेते."

सासूबाई उठल्या. इतक्या झटक्यात उठलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या. दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"जित्ता माणूसना मुंडकाले इळा लावस? मन्हा आंडोर तठे बर्फमा हुभा शे, नि तू आठे त्यानं मुंडकं कापस?"

माझा हात थांबला. मी कितीही थापाडी असले तरी फौजीची बायको आहे. संध्याकाळी दिवा लावताना ज्योत फडफडली तर मला रात्रभर झोप येत नाही. जिवंत माणसाच्या फोटोला, तेही तिकडे उभ्या असलेल्या माणसाच्या, धार लावायची? अशुभ ते अशुभच. त्याला काही उत्तर नसतं.

मी विळा खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. हवालदारकी काय असते, लाल शाई काय असते, नाना काय म्हणाले. पहिल्यांदाच आयुष्यात मी एखादी गोष्ट मीठ-मसाला न लावता सांगितली. सासूबाई ऐकत होत्या. शेवटी एकच प्रश्न विचारला, "त्याले जेवाले देतस ना तठे?" म्हटलं, देतात. मग त्यांनी पदराने विळ्याची धार पुसली, त्यावर चिमूटभर हळदीकुंकू टाकलं आणि माझ्या हातात दिला.

"शिडी मी धरस. पन त्याना तोंडले धक्का लागाले नको."

ऐन संध्याकाळची वेळ. चौकात भाजीच्या गाड्या, शिकवणीची पोरं, सगळं जळगाव जणू आमच्यासाठीच थांबलेलं. किराणावाले शेठ दुकानात बसले होते. त्यांच्या घराण्याने राजस्थानातून येऊन पिढ्यान्पिढ्या या गावात शब्द तोलून विकला आहे. मी शिडी मागितली. शेठ म्हणाले, "भाभी, मी नानांच्या विरोधात नाही. नाना माझं गिऱ्हाईक आहेत." मग हळूच म्हणाले, "शिडी मागच्या बोळात आहे. मी आता तिकडे पाठ करून साखर भरतो. साखर भरायला मला फार वेळ लागतो."

मी चढले. सासूबाईंनी खालून शिडी अशी धरली, जशी काही धरणाचा दरवाजा धरून ठेवला आहे. बॅनर वाऱ्याने फडफडत होतं, नानांचे जोडलेले हात माझ्या पाठीवर थापा मारत होते. खालून सासूबाई सूचना देत होत्या : "कानले सांभाळ! टोपीले सांभाळ!" धक्का लागू नये म्हणून मी लांबून, मोठा वेढा घेऊन कापत गेले. त्यात एका बाजूला पानटपरीवाल्याचा खांदा आला आणि दुसऱ्या बाजूला व्यायामशाळेतल्या पोराचा अख्खा कान. तो पोरगा खालीच उभा होता. ओरडला, "काकू, माझा कान!" म्हटलं, "विचारून लावला होता का?" त्याने आपला खरा कान चाचपला.

तोवर सगळ्यांचे मोबाईल वर झालेले. मोबाईल म्हटल्यावर मला राहवेना. शिडीवरूनच वळले, एका हातात विळा, दुसऱ्या हातात नवरा, आणि बोलले. काय बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण नंतर ते मला इतक्या लोकांनी पाठवलं.

"नीट काढा व्हिडिओ! हा माझा नवरा. हा फोटो मी काढलाय, घरात, कपाटापुढे. हा डोंगर खोटा आहे. त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी कुणाला दिला नाही. त्यांना बोलायची बंदी आहे, म्हणून तुम्ही त्यांच्या तोंडाने बोलता! रोज सकाळी त्यांच्या नावाने आम्हाला झोपेतून उठवता! तुमच्या एकाच्या तरी अंगात आहे का, त्यांच्या नावाशिवाय चार वाक्यं बोलायची धमक? मी फौजी नाही. मला कुणी बूट दिले नाहीत. माझं तोंड माझं आहे!"

टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांचाही राग आला. हेच लोक कालपर्यंत त्या बॅनरखाली उभं राहून सेल्फी काढत होते.

व्हिडिओ रातोरात धुळ्यापर्यंत गेला. आबांचा सकाळी फोन : "तुझा आवाज मोबाईलशिवायच ऐकू आला असता, एवढा खर्च कशाला?" नानांच्या पोरांनी बॅनर उतरवलं नाही. पैसे भरले होते ना. नाना हात जोडून तसेच उभे, आणि पायाशी आरपार भोक. वारा आला की त्यातून शिटी वाजायची.

ह्यांचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी. तेवढे दिवस मी देवापुढे जे काही बोलले, ते देवाला अजून पचलेलं नसणार.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

ते ऐकलं आणि मी भिंतीला टेकले. मग कळलं ते असं : साहेबांनी आधी त्या डोंगराबद्दल चौकशी लावली होती. हा डोंगर कुठला, हा फोटो कुठल्या चौकीवरचा? हे म्हणाले, "साहेब, ते कपाट आहे." साहेबांना वाटलं, जवान थट्टा करतोय. मग व्हिडिओ पोचला. साहेबांनी तो पूर्ण बघितला, कपाटाचा भाग पुन्हा बघितला. समज देऊन सोडलं. लाल शाई लागली नाही. यादीतलं नाव यादीत राहिलं.

"मग व्हिडिओ कामाला आला म्हणायचा!"

"आला," म्हणाले. आणि मग, "तो काढून टाक."

"काय?"

"घरच्यांना समज द्या म्हणालेत. तुझ्याकडून पुढे जायला नको."

म्हणजे ज्याने वाचवलं ते पुसायचं. आणि नानांच्या पानावर तो बर्फाचा डोंगर अजून आहे, आजही आहे, जाऊन बघा. त्याला समज द्यायला कुणाकडे वरून कागद आलेला नाही. मी चरफडत विचारलं, "तुम्ही तरी बघितलात का मी काय बोलले ते?"

"बघितला. हल्ली बघायला चालतं." मग म्हणाले, "लाइकचा अंगठा देता येत नाही."

मी व्हिडिओ काढून टाकला. माझ्या मोबाईलमधला. बाकीच्या जळगावच्या मोबाईलमध्ये तो आहे, कुणी त्याला ढोल-ताशेही लावलेत.

नाना निवडून आले. येणारच. मिरवणुकीत गुलाल आमच्या गच्चीपर्यंत उडाला, आणि पहिला संदेश काय, तर "हा विजय सीमेवरच्या जवानांना अर्पण." विचारलं होतं का जवानांना?

हे पुढच्या सुटीवर आले ते हवालदार होऊन. सासूबाईंनी त्यांच्या बाहीवरच्या तीन फिती बोटाने चाचपून बघितल्या. फोटो काढायचा विषय कुणी काढला नाही. कपाटाच्या आतल्या दाराला मी तो कापलेला तुकडा चिकटवला होता. ह्यांनी शर्ट काढायला दार उघडलं, आणि स्वतःकडे बघत उभे राहिले.

"हा कान कुणाचा?" एवढंच म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात गटार पुन्हा तुंबली. पाणी उंबऱ्याला. वॉर्डाच्या ग्रुपवर पुन्हा नाक दाबलेली चित्रं. ह्यांनी मोबाईल घेतला, अंगठ्याने काहीतरी लिहिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुसलं. मग फळीवर ठेवला आणि फावड्याकडे वळले.

मी फावडं आधीच उचलून घेतलं होतं. म्हटलं, "हवालदारसाहेब, बसा." आणि गच्चीवर गेले. नव्या नगरसेवकांचं घर तिथून चार गल्ल्या. मोबाईलवर काय लिहायचं नाही याचे नियम ढीगभर आहेत, पण गच्चीवरून काय ओरडायचं नाही याचा कागद अजून कुणाच्या टेबलावर आलेला नाही. मी छाती भरून घेतली आणि नानांना त्यांच्या पूर्ण नावाने हाक मारली.

भुसावळला त्या वेळी काय झालं, ते भुसावळवाल्यांना विचारा. नाना मात्र चप्पल न घालता आले.